वडशाहून नाटक आणताना

आमच्या गावात शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, तारीख निघाली की पाठोपाठ नाटकाची बैठक बसते. गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, वैनगंगेच्या या काठाचं. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, ज्याला आम्ही सगळे वडसाच म्हणतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात आणि ती करणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा मुक्काम वडशात असतो. गावची माणसं तिथे जातात, कंपनी बघतात, नाटक ठरवतात आणि बयाणा देऊन तारीख पक्की करून येतात.

हे काम आमच्याकडे पुरुषांचं होतं. गेल्या हंगामात आमच्या महिला बचत गटाने कलावंतांचं जेवण आणि तिकीटविक्री अंगावर घेतली. तेव्हा मी बैठकीत म्हटलं, रांधणार आम्ही, तिकिटं फाडणार आम्ही, तर नाटक निवडायलाही आमच्यातल्या दोघी येतील. मंडळाचे अध्यक्ष नात्याने माझे चुलतसासरे. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बराबर बोलते सूनबाई. चाला मंग दोघीजनी."

हे सविस्तर लिहायचं कारण आहे. झाडीपट्टीबद्दल बाहेर जे छापून येतं ते मंचावरच्या रात्रीबद्दल असतं. ती रात्र उभी करायला गाव काय करतं, नाटक कोण निवडतं, काय बघून निवडतं, घरोघरी काय शिजतं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

हंगामाच्या तोंडावर वडशात गेलात तर रस्त्याच्या कडेने नाटक कंपन्यांचे फलक दिसतात. नटनट्यांचे मोठमोठे चेहरे, नावापुढे पदव्या, खाली बुकिंगचा फोन नंबर. एकेका ऑफिसात एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जुन्या नाटकांची पोस्टरं आणि व्यवस्थापकाच्या हाताशी एक जाडी डायरी. सगळा कारभार त्या डायरीवर चालतो. कुठल्या रात्री कंपनी कुठल्या गावात, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आमचे अध्यक्ष, म्हणजे काकाजी, पहिल्यांदा नाटकाचं नाव विचारतच नाहीत. ते विचारतात, आमच्या तारखेच्या मागेपुढे तुम्ही आसपास कुठे आहात? कारण तीच कंपनी दोन दिवस आधी शेजारच्या गावात तेच नाटक करून गेली असेल, तर आमच्या मांडवात कोण येणार? मग शेजारी पट कुठे आहे, तिथे कुठली कंपनी आहे, रस्ता कसा आहे, असं सगळं निघतं. पटाच्या मोठ्या तारखांना भाव चढा, मधल्या वारांना उतरता.

त्यानंतर कलावंतांची यादी. नायिका कोण, खलनायक कोण, विनोदी नट कोण, लावण्या किती, ऑर्गनवर कोण आणि तबल्यावर कोण. मागच्या वर्षी काम केलेला नट यंदा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, आणि आमच्या गावातल्या पोरांना हे सगळं तोंडपाठ असतं. कलावंतांना नाईटप्रमाणे पैसे मिळतात. कुणी नागपूरहून येतं, कुणी इथलंच, धान कापून मोकळं झालेलं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीवरच्या कामासाठी. आयुष्यभर शेती आणि नाटक दोन्ही केलेला माणूस. त्या दिवशी आमच्याकडे घरचं कुणी मोठं झाल्याचा आनंद होता.

दोन ऑफिसं झाली. दोन्हीकडे बोलणं भाव, तारीख आणि डान्स यांवरच चाललं होतं. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलं, "भाऊ, कहानी काय आहे जी नाटकाची?" व्यवस्थापकाने डायरी मिटली. खुर्ची पुढे ओढली. आणि मग त्या माणसाने पाऊण तास आम्हाला कथा सांगितली, प्रवेशासकट. मध्ये एका पदाच्या ओळी गाऊनही दाखवल्या. दोन भावांची वाटणी, मधली बहीण सासरी गेलेली, आणि तहसिलीत नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची दोघांची धडपड. माझ्यासोबत आलेली गटाची सचिव, वयाने मोठी बाई, तिने माझा हात दाबला. आमच्या गटात अशी सही केलेल्या किती जणी आहेत हे आम्हा दोघींना माहीत होतं. मुलींचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून कायद्यात आहे. तरी भाऊबीजेच्या ताटासमोर कागद येतो आणि बहीण सही करते.

मी काकाजींना म्हटलं, हेच घ्यायचं. पोरांनी कुरकुर केली, लावण्या कमी आहेत म्हणून. काकाजींनी व्यवस्थापकाकडून एक लावणी वाढवून घेतली आणि बयाणा मोजला. संहितेवर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, हेही बघून घेतलं, कारण परवानगीच्या वेळी ते लागतं.

सकाळपासून उपाशी होतो. स्टेशनकडच्या रस्त्यावर एका टपरीत आलूबोंडा खाल्ला. इकडे आलूबोंडा कोरडा देत नाहीत. तो प्लेटमध्ये फोडतात, वरून चण्याचा तिखट रस्सा ओततात, कच्चा कांदा आणि सांभार भुरभुरतात. पुण्याकडच्या पाव्हण्यांना सांभार म्हणजे कोथिंबीर हे सांगावं लागतं, बाकी काही समजावावं लागत नाही, दुसरी प्लेट ते स्वतःच मागतात. येताना बाजारातून तळ्यातले शिंगाडे घेतले. या भागात मालगुजारीच्या काळातले तलाव गावोगावी आहेत, धानाला पाणी त्यांचंच, मासळी आणि शिंगाडेही त्यांचेच.

पुढचे आठवडे कागदांचे. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, पोस्टर, तिकिटांची छपाई, भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून फिरवणं. ते पुरुषमंडळींनी केलं, त्यात नवीन काही नाही.

पट जानेवारीत. तोवर धान चुरून घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो आणि थंडी भरपूर. शंकरपटात बैलजोडी, ती हाकणारा धुरकरी आणि घड्याळ. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली. त्या वर्षांत बैल गोठ्यात राहिले, पण आमच्या गावाने त्याच तारखांना नाटक चालू ठेवलं, पाव्हण्यांनीही येणं सोडलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता दिवसा पट, रात्री नाटक, असं पुन्हा जुळून आलं आहे. पटाबद्दल मी फार लिहीत नाही, माझा दिवस त्या वेळी चुलीपुढे जातो.

आणि चुलीपुढचंच मला जास्त सांगावंसं वाटतं. पटाच्या दोन दिवसांत आमच्याकडे एकही घर पाव्हण्यावाचून नसतं. लेकी माहेरी येतात, व्याही येतात, उपवर पोरींना बघायला माणसं येतात. कितीतरी लग्नं नाटकाच्या मांडवात जुळली आहेत. पाव्हण्यांसाठी पहिल्या दिवशी वडे आणि आयते, दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा आणि भात. सोबत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, ओल्या दाण्यांची भाजी, जवसाची चटणी, शेतातून खुडून आणलेल्या हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा, त्यावर कच्चं तेल आणि तिखट.

आयते माझ्या सासूबाईंच्या हातचे. तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी बारीक वाटायचे, चवीपुरतं मीठ. पीठ इतकं पातळ की पळीतून धार पडली पाहिजे. तवा चांगला तापला की कांद्याच्या फोडीने तेल फिरवायचं आणि पीठ कडेकडेने ओतत मध्याकडे यायचं. चर्र आवाज येतो आणि सगळीकडे बारीक छिद्रं पडतात. छिद्रं पडली नाहीत तर तवा थंड आहे, सासूबाई बघायच्या आधी आवाजावरूनच सांगतात. वर झाकण, दोन श्वास थांबायचं, कड सुटली की उलथनं घालून घडी करायची. आयता पलटायचा नाही. गुळाच्या पाण्याशी लहान पोरं खातात, रस्स्याशी मोठी माणसं. सकाळी चुलीपुढे बसलेली बाई दुपारपर्यंत उठत नाही, कारण आयता ताटात गरम पडला पाहिजे यावर आमच्याकडे कुणी तडजोड करत नाही.

भात एचएमटीचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून हे वाण तयार केलं. तेव्हाच्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडलं. २०१८ मध्ये ते गेले. थोडक्या जमिनीच्या त्या शेतकऱ्याने निवडलेला तांदूळ दूरदूरच्या ताटात पोचला. मी पाव्हण्यांना भात वाढताना हे नेहमी सांगते. बाहेरच्या माणसाला झाडीपट्टीत काय खायचं असं विचारायचं असेल, तर मी आधी नुसता भात आणि वरण खायला सांगेन. मसाल्याचं मग.

कलावंतांचं जेवण वेगळं. दुपारी कंपनीचा ट्रक आला. मंच, पडदे, दिवे, भोंगे, सगळं त्यांचं. गावातली पोरं बल्ल्या ठोकायला मदतीला. कलावंत संध्याकाळी गाडीने आले. आदल्या रात्री दुसऱ्या गावात प्रयोग, पहाटे सुटले, दिवसा मिळेल तिथे झोपले. आम्ही शाळेची खोली झाडून, सतरंज्या घालून, आरसे टांगून ठेवले होते. मी गटातल्या बायकांना आधीच विचारून ठेवायला सांगितलं होतं की त्यांना काय चालतं. गाणाऱ्यांना आंबट नको, दही नको. प्रयोगाआधी कुणी पोटभर जेवत नाही. म्हणून वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, आणि पहाटेसाठी पोहे व चहा. बहिणीचं काम करणारी बाई जेवायला बसली तेव्हा तिचा अर्धा चेहरा रंगलेला होता. तिने दोन घास वरणभात खाल्ला आणि म्हणाली, "ताई, पहाटे माझ्यासाठी आयते ठेवजा, वासानं भूक लागली." ठेवले.

रात्री तिकीटखिडकीवर आम्ही चौघी. खुर्ची, गादी आणि जमीन असे तीन दर. आसपासच्या गावांतून लोक ट्रॅक्टरमध्ये, मोटरसायकलींवर, पायी. सोबत घोंगड्या, रजया, झोपलेली पोरं. बायका खिडकीशी येऊन विचारत, "नाटक कोनाचं आहे?" आम्ही कंपनीचं नाव न सांगता कथा सांगायचो, दोन वाक्यांत. बहिणीच्या हिश्श्याचं आहे म्हटलं की त्या मागच्या बायकांना हाका मारत.

दहा वाजून गेल्यावर नांदी झाली. झाडीपट्टीचं नाटक आवाजाने भरलेलं असतं. शहरातून आलेले काही जण म्हणतात, फार मोठ्याने बोलतात, फार रडतात. मला हे पटत नाही. उघडं माळरान आहे, शेवटची रांग शंभर पावलांवर आहे, तिथे म्हातारी बसली आहे जिला नीट दिसतही नाही. तिच्यापर्यंत वाक्य पोचवायचं तर ते असंच म्हणावं लागतं. या नाटकाचं मूळ दंडारीत आहे, गावच्या माणसांनी गावापुढे नाचत-गात केलेल्या खेळात, जिथे बाईचं कामही पुरुषच करायचा. तो मोकळा सूर अजून टिकला आहे.

मी खिडकी बंद करून मंचाच्या पुढच्या कडेला बसले, प्रॉम्प्टरच्या जवळ. मला हा माणूस नेहमीच बघायचा होता. मंचाच्या तोंडाशी, प्रेक्षकांकडे पाठ, समोर वही, वहीवर छोटा दिवा. बोट ओळीवरून सरकत असतं. वाक्य नटाच्या ओठांवर यायच्या किंचित आधी याच्या ओठांवर येतं. रात्रीतून नाटकं बदलतात, पाठांतराला दिवस मिळत नाहीत, त्यामुळे सगळ्या मंचाची भिस्त त्या वहीवर. विनोदी नट मात्र वहीच्या बाहेर जात होता. झाडीबोलीत त्याने आमच्या गावच्या पटाचं, हरलेल्या जोडीचं, सरपंचांच्या नव्या गाडीचं असं काही जोडलं की मांडव हलला. प्रॉम्प्टर बोट ओळीवर ठेवून शांत बसून राहिला, तो परत येईपर्यंत.

पदं लांब होती. ऑर्गन आणि तबल्यावर लोक मान हलवत ऐकत होते. मध्ये लावण्या झाल्या, वाढवून घेतलेलीही झाली, पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. दोनच्या सुमारास थंडी कडक झाली. शेकोट्या पेटल्या, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी झाली, पोरं घोंगड्यांत गुरफटून झोपली.

तहसिलीचा प्रवेश तीनच्या पुढे आला. टेबल, कागद, दोन्ही भाऊ दोन्ही बाजूंना. थोरला भाऊ लहानपणीच्या गोष्टी काढतो, धाकटा गप्प. बहिणीने पेन हातात घेतलं. ऑर्गन थांबला. आणि गादीवरून एका बाईचा आवाज आला, "सही नोको करू माय!" मग दुसरीचा. मग कितीतरी. नटी पेन धरून थांबली. तिने बायकांकडे पाहिलं, खरोखर पाहिलं, आणि जितका वेळ त्या बोलत होत्या तितका वेळ ती काही बोलली नाही. प्रॉम्प्टरने पुढची ओळ दोनदा दिली. तिने ती घेतली नाही. आवाज शमल्यावरच पुढचं वाक्य आलं. मी शेजारी बसलेल्या सचिव मावशींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या पदराने पुसतही नव्हत्या.

नाटकात बहीण सही करत नाही. भावांशी बोलणं तुटतं आणि शेवटी जुळतं, झाडीपट्टीला शेवट गोड लागतो. पण पहाटे परत जाणाऱ्या बायका शेवटाबद्दल बोलत नव्हत्या. त्या विचारत होत्या, केलेली सही परत घेता येते का. त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत तोच विषय निघाला. आम्ही ब्रह्मपुरीच्या विधी सेवा समितीकडे विचारायचं ठरवलं आणि दोघीजणी कागद घेऊन जाऊनही आल्या.

हिशेब तिसऱ्या दिवशी देवळात झाला. मांडव, कंपनी, छपाई वजा जाता शिल्लक राहिली, ती गावच्या सभागृहाच्या छपरासाठी बाजूला काढली. गादीची तिकिटं आधीच्या वर्षांपेक्षा जास्त खपली होती आणि ती बहुतेक बायकांनी घेतलेली होती. काकाजींनी हे सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. पुढच्या हंगामाला वडशाला कोण जाणार यावर आता गटातच ओढाताण आहे.

कुणाला यायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी निवडा. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता आहे. भिवापूरला लाल मिरची घ्या, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रेल्वेने गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे. दिवसा वडशात कंपन्यांच्या ऑफिसांवरून एक फेरी मारा, व्यवस्थापकाला कथा विचारा, तो सांगेल. त्या रात्री नाटक कुठल्या गावात आहे हेही तोच सांगेल. गावात पोचलात की दुपारच्या पटाला जा आणि कुणाच्या तरी घरी जेवा. पटाच्या दिवशी दारातून कुणी उपाशी जात नाही. तिकीट गादीचं काढा. खुर्चीवर पाय गारठतात, आणि आजूबाजूच्या बायका काय बोलतात ते गादीवरच ऐकू येतं. घोंगडी सोबत आणा, आणि मध्येच उठून जाऊ नका. खरं नाटक तीनच्या पुढे सुरू होतं.